ऑनलाइन खात्यावर डोळा ठेवणारे बनावट ई-मेल : ओळख आणि प्रतिबंधक उपाय



शेतीमालाची पट्टी अडत्याकडून रोख घेऊन कनवटीला लावून घरी येण्याचे दिवस आता मागे पडले आहेत. दुधाचा हिशेब, उसाचे बिल, पीक विम्याची भरपाई, ठिबक संचाचे अनुदान अशा बहुतेक रकमा आज थेट बँक खात्यात जमा होतात. प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचे वर्षाचे ६,००० रुपयेही २०१९ पासून तीन हप्त्यांत खात्यातच येतात. २०१६ मध्ये यूपीआय पद्धत सुरू झाल्यानंतर तर खताच्या दुकानापासून मजुरीपर्यंतचे व्यवहार मोबाईलवरून होऊ लागले. यामुळे तालुक्याचे हेलपाटे वाचले आणि वेळही वाचला.

परंतु जेथे धान्य तेथे उंदीर, हा न्याय येथेही लागू पडतो. वर्षभर राबून द्राक्षाचा किंवा कापसाचा पैसा खात्यात जमा होतो आणि बनावट पत्राला उत्तर दिल्यामुळे तो काही मिनिटांत निघून जातो. गेलेला पैसा परत मिळविणे कठीण असते. पीक संरक्षणाप्रमाणे येथेही प्रादुर्भाव झाल्यानंतरच्या उपायांपेक्षा प्रतिबंध स्वस्त व खात्रीचा असतो. त्याकरिता या फसवणुकीची लक्षणे प्रत्येक खातेदाराला ओळखता आली पाहिजेत.

फिशिंग म्हणजे काय?

बँक, सरकारी खाते किंवा पैसे पाठविणारी कंपनी असल्याचे सोंग घेऊन ई-मेल अथवा संदेश पाठवायचा आणि खातेदाराकडूनच त्याचा पासवर्ड, पिन, कार्डाचा क्रमांक किंवा ओटीपी काढून घ्यायचा, या प्रकारास 'फिशिंग' असे म्हणतात. मासेमारीच्या इंग्रजी शब्दावरून हे नाव पडले. गळाला आमिष लावून पाण्यात सोडायचे आणि कोणता मासा लागतो याची वाट पाहायची, अशी ही पद्धत आहे. एकच पत्र हजारो लोकांना पाठविले जाते. त्यांपैकी थोडे जण फसले तरी चोराचे काम होते.

हा प्रकार नवा नाही. १९९० च्या दशकात अमेरिका ऑनलाइन या इंटरनेट सेवेच्या ग्राहकांना, आपण कंपनीचेच कर्मचारी आहोत असे सांगून पासवर्ड मागितले जात. सन २००० मध्ये पेपाल या पैसे पाठविणाऱ्या सेवेच्या ग्राहकांना असेच ई-मेल आले. त्यांतील संकेतस्थळाच्या नावात शेवटचे अक्षर 'एल' नसून 'आय' होते. इंग्रजीतील मोठा 'आय' आणि लहान 'एल' पडद्यावर जवळजवळ सारखेच दिसतात. त्यामुळे लोकांनी खऱ्या पेपालचे पान समजून खोट्या पानावर आपले पासवर्ड भरले. पंचवीस वर्षांनंतरही ही युक्ती तशीच वापरली जाते. फक्त नावे बदलली आहेत.

शेतकऱ्यांच्या ई-मेलचा प्रश्न

आपला ई-मेलशी काय संबंध, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात स्मार्टफोन सुरू करतानाच बहुधा ई-मेल खाते उघडले जाते. शेतकरी उत्पादक कंपनी, जीएसटी, निर्यातीसाठी बागेची नोंदणी आणि ऑनलाइन खरेदी या कामांतही ई-मेलचा पत्ता द्यावा लागतो. अनेकदा हे खाते मोबाईलच्या दुकानदाराने किंवा सेवा केंद्राच्या चालकाने उघडून दिलेले असते. पासवर्डही त्यालाच माहीत असतो. खातेदाराला मात्र तो आठवत नाही.

ही मोठी उणीव आहे. 'पासवर्ड विसरलात?' असे विचारल्यावर अनेक संकेतस्थळे नवा पासवर्ड ठरविण्याचा दुवा ई-मेलवरच पाठवितात. म्हणजे ज्याच्या हाती ई-मेल, त्याच्या हाती इतर अनेक खात्यांच्या किल्ल्या असतात. ज्यांचा पासवर्ड दुसऱ्याला माहीत आहे त्यांनी तो आजच बदलावा.

बनावट पत्राचा नमुना

खाली अशा पत्राचा एक काल्पनिक नमुना दिला आहे. तो सावकाश वाचावा.

विषय : आपले खाते आज रात्री १२ वाजता बंद होणार

प्रिय ग्राहक,
आपल्या बचत खात्याची केवायसी अपूर्ण असल्याने सर्व ऑनलाइन व्यवहार थांबविण्यात येत आहेत. आपला किसान योजनेचा २,००० रुपयांचा हप्ता परत पाठविला जाईल. हे टाळण्यासाठी २४ तासांच्या आत खालील दुव्यावर जाऊन खाते क्रमांक, एटीएम कार्डाचा क्रमांक, पिन व मोबाईलवर आलेला ओटीपी भरावा.
ग्राहक सेवा अधिकारी, मुख्य कार्यालय

वरवर पाहता पत्र खरे वाटते, कारण त्यात थोडे सत्य मिसळलेले आहे. बँकेला ग्राहकाची केवायसी ठराविक काळाने करावी लागते, हे खरे आहे. किसान योजनेसाठी ई-केवायसी आवश्यक आहे, हेही खरे आहे. चोर याच खऱ्या गोष्टींचा आधार घेतात. आता यातील लक्षणे एकेक करून पाहू.

ओळखण्याची लक्षणे

१) घाई व भीती : 'आज रात्री १२ वाजता', 'हप्ता परत जाईल' अशी भाषा वाचणाऱ्याला विचार करू देत नाही. शिवाय विषयात रात्री १२ ची मुदत आहे आणि मजकुरात २४ तासांची. अशी विसंगती घाईत नजरेतून सुटते. घाई करण्यास सांगणाऱ्या पत्राला मुद्दाम उशिरा उत्तर द्यावे. तेवढ्या वेळात बँकेत चौकशी होते.

२) नाव नसलेला मायना : बँकेकडे आपले नाव असते. तरीही 'प्रिय ग्राहक' असे लिहिले असल्यास संशय घ्यावा. मात्र नाव बरोबर असले म्हणजे पत्र खरे, असे समजू नये. नाव, गाव आणि मोबाईल क्रमांक चोरांनाही मिळतात.

३) गुप्त माहितीची मागणी : हे सर्वांत खात्रीचे लक्षण होय. पिन, ओटीपी, पासवर्ड आणि कार्डामागील तीन आकडी क्रमांक कोणतीही बँक ई-मेलने, संदेशाने किंवा फोनवरून विचारत नाही. हे एकच लक्षण दिसले तरी पत्र बनावट समजावे.

४) पाठविणाऱ्याचा पत्ता : ई-मेल उघडल्यावर वर बँकेचे नाव दिसते. ते पाठविणाऱ्याने स्वतः टाकलेले असते व तेथे काहीही लिहिता येते. त्या नावावर बोट दाबल्यास खरा पत्ता दिसतो. बँकेचे नाव असून पत्ता एखाद्या फुकट ई-मेल सेवेचा असेल तर फसवणूक स्पष्ट आहे. पत्ता बरोबर दिसला तरीही पूर्ण विश्वास ठेवू नये, कारण पत्ताही नकली घालता येतो.

५) आमिष : अनुदान मंजूर, कर्जमाफीच्या यादीत नाव, ट्रॅक्टरची सोडत, आयकराचा परतावा अशा न मागितलेल्या लाभाच्या पत्राबाबत सावध राहावे. ज्या सोडतीसाठी अर्जच केला नाही, त्यात नंबर लागत नाही.

६) जोडलेली फाईल : पत्रासोबत 'एपीके' प्रकारची फाईल असल्यास ती कधीही उघडू नये. ते एक ॲप असते. एकदा परवानगी दिली की ते फोनवर येणारे संदेश वाचून ओटीपी परस्पर चोराकडे पाठवू शकते. किसान योजनेच्या व बँकांच्या नावाने अशा फाईली व्हॉट्सॲपवरही फिरविल्या जातात.

पूर्वी अशी पत्रे मोडक्यातोडक्या मराठीत असत व त्यावरून ओळखू येत. आता संगणकाच्या साह्याने कोणीही शुद्ध मराठी मजकूर तयार करू शकतो. त्यामुळे भाषा चांगली आहे किंवा बँकेचे चिन्ह हुबेहूब आहे, यावरून पत्र खरे ठरवू नये. बोगस बियाण्याच्या पिशवीवरही चित्र सुंदर छापलेले असते. जाणता शेतकरी चित्र पाहत नाही, तो प्रमाणित बियाण्याचा निळा टॅग, लॉट नंबर व सील पाहतो आणि पक्की पावती घेतो. ई-मेलच्या बाबतीत हे काम संकेतस्थळाचा पत्ता करतो.

संकेतस्थळाचा पत्ता कसा वाचावा?

पत्रातील दुव्यावर थोडा वेळ बोट दाबून धरल्यास तो न उघडता त्याचा पूर्ण पत्ता दिसतो. संगणकावर माऊसचा बाण दुव्यावर नुसता नेऊन ठेवावा. हा पत्ता टपालाच्या पत्त्यासारखाच शेवटाकडून वाचावा लागतो.

नुसते 'मु. पो. पिंपळगाव' लिहिले तर पत्र कोठे जाईल हे सांगता येत नाही. पिंपळगाव बसवंत नाशिक जिल्ह्यात आहे, पिंपळगाव हरेश्वर जळगाव जिल्ह्यात आहे आणि पिंपळगाव रेणुकाई जालना जिल्ह्यात आहे. ठिकाण ठरते ते शेवटच्या तालुका-जिल्ह्यावरून. संकेतस्थळाचेही तसेच आहे. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघांनंतर जी पुढची तिरपी रेघ येते, तिच्या लगेच अगोदरचा भाग म्हणजे त्या स्थळाचा 'जिल्हा' समजावा.

उदा. किसान योजनेचे खरे स्थळ 'पीएमकिसान डॉट जीओव्ही डॉट इन' हे आहे. 'जीओव्ही डॉट इन' हा शेवट सरकारी स्थळांसाठी राखून ठेवलेला आहे. 'पीएमकिसान-जीओव्ही-इन डॉट कॉम' या पत्त्यात तेच शब्द आहेत, पण शेवट 'डॉट कॉम' आहे. असा पत्ता कोणीही विकत घेऊ शकतो. तसेच 'पीएमकिसान डॉट जीओव्ही डॉट इन डॉट अमुक डॉट टॉप' असा पत्ता दिसल्यास त्याचा मालक 'अमुक डॉट टॉप' हा आहे. पुढची सगळी नावे केवळ देखावा आहेत.

बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये एक चांगला निर्णय घेतला. भारतातील बँकांसाठी 'डॉट बँक डॉट इन' हा स्वतंत्र शेवट राखून ठेवण्यात आला व बँकांनी आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत त्यावर न्यावीत असे सांगण्यात आले. हा शेवट बँकांनाच मिळतो. आपल्या बँकेचा अचूक पत्ता शाखेतून विचारून पासबुकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

पत्त्याजवळ दिसणाऱ्या कुलुपाच्या चिन्हाबाबतही गैरसमज आढळून येतो. आपण भरलेली माहिती वाटेत इतर कोणी वाचू शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. ती माहिती ज्याच्याकडे जाते तो प्रामाणिक आहे, असे ते चिन्ह सांगत नाही. चोराच्या पानावरही कुलूप असू शकते.

उत्पादक कंपन्या व निर्यातदार बागायतदारांसाठी

फसवणुकीचा एक प्रकार अधिक धूर्त असून त्यात रक्कमही मोठी असते. समजा, एक उत्पादक कंपनी परदेशातील खरेदीदाराशी ई-मेलवर व्यवहार करते. चोर दोघांपैकी एकाच्या ई-मेलचा पासवर्ड मिळवितो आणि काही दिवस नुसता पत्रव्यवहार वाचत राहतो. माल जहाजावर चढला व पैसे देण्याची वेळ आली की तो मध्येच पत्र पाठवितो. त्यात 'आमचे बँक खाते बदलले आहे, या वेळची रक्कम नव्या खात्यावर पाठवावी' असे लिहिलेले असते. बिलाचा क्रमांक, पेट्यांची संख्या, रक्कम सर्व बरोबर असते. खरेदीदार पैसे पाठवितो, पण ते कंपनीला मिळत नाहीत. माल गेला आणि पैसाही गेला, अशी सभासदांची अवस्था होते. पेट्या, खते किंवा औषधे पुरविणाऱ्याच्या नावानेही असेच पत्र येऊ शकते.

यावर उपाय सोपा आहे. खाते क्रमांक बदलल्याचे पत्र आल्यास आपल्याकडे पूर्वीपासून असलेल्या फोन नंबरवर समोरच्या व्यक्तीशी स्वतः बोलावे. पत्रात दिलेल्या नंबरवर फोन करू नये. खरेदीदाराशी करार करतानाच 'खाते बदल केवळ ई-मेलवरून ग्राह्य धरू नये' असे लिहून घ्यावे. कंपनीच्या खात्यातून मोठी रक्कम पाठविताना दोन पदाधिकाऱ्यांची मंजुरी लागेल अशी व्यवस्था बँकेत करून घ्यावी.

प्रतिबंधक उपाय

१) पत्रातील दुव्यावरून बँकेचे किंवा पैशाच्या कोणत्याही खात्याचे पान उघडू नये. पत्र खरे की खोटे याचा निर्णय झाला नाही तरी चालेल. बँकेचे ॲप स्वतः उघडावे किंवा लिहून ठेवलेला पत्ता स्वतः टाईप करावा. खरोखर काही अडचण असेल तर ती तेथेही दिसेल. हा एक नियम पाळला तरी बहुतेक गळ रिकामे जातात.

२) केवायसीचे काम शाखेत जाऊन किंवा बँकेच्या ॲपमधून करावे. किसान योजनेची ई-केवायसी अधिकृत स्थळावर, अधिकृत ॲपवर किंवा सामाईक सुविधा केंद्रात करावी.

३) यूपीआय पिन पैसे देण्यासाठी किंवा शिल्लक पाहण्यासाठी लागतो. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. 'पैसे मिळविण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करा व पिन टाका' असे कोणी सांगितल्यास ती फसवणूक आहे. व्यक्तीने व्यक्तीकडे यूपीआयवरून पैशाची मागणी पाठविण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली आहे. व्यापाऱ्यांकडून मात्र मागणी येऊ शकते, म्हणून मंजुरीपूर्वी नाव व रक्कम वाचावी.

४) ई-मेलचा पासवर्ड वेगळा व लांब ठेवावा. तोच पासवर्ड दुसरीकडे वापरू नये. ई-मेलला 'दुहेरी पडताळणी' लावून घ्यावी, म्हणजे पासवर्ड कळला तरी चोराला आत येता येत नाही. या पडताळणीचा आकडाही कोणाला सांगू नये.

५) ॲप अधिकृत स्टोअरमधूनच घ्यावे. अनोळखी व्यक्तीच्या सांगण्यावरून फोनचा पडदा दुसऱ्याला दाखविणारे ॲप टाकू नये.

६) सर्व धान्य एकाच कणगीत ठेवू नये. रोजच्या व्यवहारासाठी एक खाते ठेवून त्यालाच यूपीआय जोडावे व त्यात गरजेपुरती रक्कम ठेवावी. पिकाचा मोठा पैसा दुसऱ्या खात्यात किंवा मुदत ठेवीत ठेवावा. कार्डाचे ऑनलाइन व्यवहार वापरात नसतील तेव्हा बंद करण्याची सोय बँका देतात, तिचा उपयोग करावा.

७) बँकेत चालू मोबाईल क्रमांक नोंदवावा. क्रमांक बदलल्यास लगेच कळवावे. व्यवहाराचा संदेश मिळाला नाही तर चोरी झाल्याचे कळतही नाही.

८) घरातील वडीलधाऱ्या मंडळींना व फोन हाताळणाऱ्या मुलांना ही माहिती सांगावी. पासबुक वडिलांचे आणि फोन मुलाच्या हाती, अशी अनेक घरांची स्थिती असते.

फसवणूक झाल्यास काय करावे?

पैसे गेल्याचे लक्षात येताच पुढील क्रमाने हालचाल करावी.

प्रथम बँकेच्या मदत क्रमांकावर फोन करून कार्ड, नेट बँकिंग व यूपीआय बंद करण्यास सांगावे. हा क्रमांक कार्डाच्या मागे छापलेला असतो. इंटरनेटवर शोधून सापडलेल्या क्रमांकावर विसंबू नये, कारण तेथेही खोटे क्रमांक टाकलेले असतात.

त्यानंतर लगेच १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार द्यावी किंवा 'सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन' या स्थळावर नोंदवावी. खाते क्रमांक, रक्कम, तारीख, वेळ व संदेशातील व्यवहार क्रमांक हाताशी ठेवावा. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्या व तिसऱ्या खात्यात पटापट फिरवितो. तक्रार लवकर पोहोचली तर रक्कम वाटेतच गोठविता येते. म्हणून उद्या सकाळी बँक उघडल्यावर पाहू, असे म्हणू नये.

अनोळखी फाईल उघडली गेली असल्यास फोनचे इंटरनेट बंद करावे व तक्रारीसाठी घरातील दुसरा फोन वापरावा. पासवर्डही दुसऱ्या फोनवरूनच बदलावेत. बनावट पत्र पुसून टाकू नये, ते पुरावा म्हणून लागते. नंतर शाखेत लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने याबाबत जबाबदारी ठरवून दिली. ग्राहकाची किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्याच ठिकाणच्या त्रुटीमुळे पैसे गेले आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत ग्राहकाने कळविले, तर नुकसान ग्राहकावर पडत नाही. ग्राहकाने स्वतः पिन किंवा ओटीपी दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे असते. कळविल्यानंतरचे नुकसान बँकेने सोसावयाचे असते. म्हणजे चूक आपली असली तरी लवकर कळविण्यात फायदाच आहे. सहकारी बँकांसाठीही असेच परिपत्रक डिसेंबर २०१७ मध्ये काढण्यात आले. आपल्या खात्याला लागू असलेला चालू नियम शाखेत विचारून घ्यावा. बँकेने दाद न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पैसे गेल्यानंतर 'थोडी फी भरा, रक्कम परत मिळवून देतो' असे सांगणारे भेटतात. ती दुसरी फसवणूक असते. तसेच कमिशनच्या लोभाने आपले खाते, कार्ड किंवा सिम दुसऱ्याला वापरण्यास देऊ नये. चोरीचा पैसा अशाच खात्यांतून फिरतो आणि पोलीस प्रथम खातेदाराच्या दारी येतात.

फसलेला माणूस पुष्कळदा लाजेने गप्प बसतो. घरात कळले तर काय म्हणतील, गावात हसे होईल, या विचारात मोलाचा वेळ जातो. शिकलेली माणसे, अधिकारी, व्यापारीही अशा पत्रांना फसले आहेत. शेजाऱ्याच्या शेतात कीड दिसली तर आपण सर्वांना सावध करतो, तसेच आलेले बनावट पत्र गटाच्या बैठकीत, दूध संस्थेत किंवा सोसायटीत चारचौघांना दाखवावे.

थोडक्यात, पिन व ओटीपी कोणालाही सांगू नये, पत्रातील दुव्यावरून पैशाचे पान उघडू नये, संकेतस्थळाचा पत्ता शेवटाकडून वाचावा आणि फसवणूक झाल्यास त्याच क्षणी बँक व १९३० या क्रमांकावर कळवावे. ही चार सूत्रे व बँकेचा मदत क्रमांक कागदावर लिहून घरात सर्वांना दिसेल अशा ठिकाणी लावल्यास कष्टाचा पैसा सुरक्षित ठेवण्यास निश्चितच मदत होईल.